पूजेतलं हत्यार

तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहणाऱ्या ज्ञानूनं खंडेनवमीला आपला पोती उचलायचा लोखंडी आकडा धुऊन पूजेच्या पाटावर ठेवला. शेजारी पोराची पुस्तकं मांडावीत म्हणून त्याच्या बायकोनं, राजाबाईनं, अकरावीतल्या विश्वजितची बॅग उघडली. पुस्तकांखाली गावठी कट्टा होता. तिनं तो पाटावर ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं.

"अगं, ह्याची पूजा करतीस?" ज्ञानू ओरडला.

विश्वजित धावत आला. "आई, दे इकडे. भाईनं आजचं काम दिलंय."

"पूजेतलं हत्यार उद्यापातूर हलवायचं नसतं," राजाबाई म्हणाली. तेव्हा कुठं ज्ञानूला तिचा डाव कळला.

विश्वजितनं पुढे केलेला हात मागे घेतला. कट्ट्याला नमस्कार केला.

"बरं. एसटीडीवरनं भाईला कळवतो, उद्या करू म्हणून. दसऱ्याचा मुहूर्त चांगलाय."