कॉल तुटला नाही

"कॅमेऱ्याचा ड्रायव्हर खराब होता, काकू. म्हणून व्हिडिओ कॉल लावला की कॉम्प्युटर बंद पडायचा. आता नवीन टाकलाय," असं सांगून दुरुस्तीवाला गेला.

कुमुदकाकूंनी केस नीट केले आणि लगेच बंगळुरूच्या मुलाला कॉल लावला. इतके महिने मध्येच पडदा निळा व्हायचा, तिकडे मुलाला त्यांचा चेहरा गोठलेला दिसायचा, बोलणं अर्धवट राहायचं. आज सगळं बोलायचं होतं.

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

"हो. गोळ्या?"

"घेतल्या."

कॉल तुटला नाही. मुलगा खाली बघून काहीतरी टाइप करत राहिला. काकूंना पुढचं सुचेना. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत बसल्या.

त्यानं मान वर केली. "आई? परत अडकलं वाटतं!" आवाजात सुटल्याचा आनंद होता.

त्यानं कॉल बंद करेपर्यंत काकूंनी पापणीसुद्धा हलवली नाही.