गाळून, उकळून

आर्जवचे ओठ पुन्हा निळे पडले होते. नखंही. ब्राह्मीने बाळाला खांद्यावर घेतलं, मांडीवर घेतलं, पुन्हा खांद्यावर घेतलं. तो धड रडतही नव्हता. तिचा नवरा मदन गाडीची चावी शोधत घरभर फिरत होता आणि चावी त्याच्या हातातच होती.

"सकाळची बाटली कुणी केली?" तिच्या सासूबाई त्रिशलाबाईंनी विचारलं.

"मीच, आत्ती. पर पाणी तुमीच उकळल्यालं हुतं."

"मग बाटली धड धुतली नसशील!"

त्रिशलाबाईंच्या घरात पाण्याला फार शिस्त. जैनाचं घर. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, मग उकळायचं, तेव्हा कुठे ते प्रासुक, म्हणजे पिण्याजोगं शुद्ध. ब्राह्मीला दूध कमी, म्हणून बाळाला पावडरचं दूध, तेही याच पाण्यात कालवलेलं. बाळाचे ओठ पहिल्यांदा निळसर दिसले तेव्हा सासूबाईंनी ठरवून टाकलं, सून उकळण्यात कुचराई करते. सून म्हणजे कुचराई करणारच, हे त्यांचं जुनं मत. त्यांनी ते काम स्वतःकडे घेतलं. पाणी निम्म्यावर येईपर्यंत त्या गॅसपुढून हलत नसत. नातवावर जीव होता. तो जितका मलूल होई तितकं पाणी जास्त उकळे.

सांगलीला जाताना आष्ट्याच्या पुढे रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या. मदनचा हॉर्नवरचा हात निघेना. "सरका की रं!" तो काचेतून ओरडला. मागच्या सीटवर त्रिशलाबाईंचा जप चालला होता. मध्येच थांबून त्या विचारायच्या, "श्वास घेतोय न्हवं?" ब्राह्मी नुसती मान हलवायची. तिचं बाळाच्या छातीवरचं लक्ष हटत नव्हतं.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर शिवांजलींनी बाळाला ऑक्सिजन लावला. रंग बदलेना. त्यांनी रक्त काढलं. ते लाल नव्हतंच, चॉकलेटसारखं तपकिरी होतं. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन भरायला घेतलं.

तासाभराने आर्जवचे ओठ गुलाबी झाले. तो खणखणीत रडला. त्याच्यापेक्षा मोठ्याने ब्राह्मी रडली.

"बाळाला पाणी कुठलं देता?" डॉक्टरांनी विचारलं.

"इहिरीचं," त्रिशलाबाई ताठ झाल्या. "पर गाळून, उकळून. निम्मं हुईस्तोवर उकळती मी."

डॉक्टर त्यांच्याकडे वळल्या. "आजी, उकळल्याने जंतू मरतात. पण हा जंतू नाही. शेतात टाकलेला जास्तीचा युरिया पाण्याबरोबर मुरतो. त्याचं नायट्रेट होतं आणि ते विहिरीत उतरतं. एवढ्या लहान बाळाच्या रक्ताला ते सोसत नाही. उकळताना पाण्याची वाफ होते, नायट्रेट भांड्यातच राहतं. पाणी निम्मं झालं की त्याचं प्रमाण दुप्पट होतं."

त्रिशलाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. "म्हंजी... मीच पाजलं?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, आजी. पण आता हे पाणी बाळाला द्यायचं नाही. गाळून नाही, उकळून नाही. अजिबात नाही."

त्रिशलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी नुसता तिचा हात धरला आणि सोडलाच नाही.

"पर मॅडम," मदन घाईघाईने बोलला, "इहिरीभवतीच्या रानात आमी चिमटीभरबी युरिया टाकत न्हाई. घरचं खायाचं रान हाय ते. गहू, भाजीपाला, सगळं शेणखतावर."

"छान. विहिरीच्या वरच्या अंगाला काय आहे?"

"ऊस."

"त्याला युरिया घालतात?"

"लय. पाण्यासंगट पोतीच्या पोती सोडत्यात."

"मग तिथूनच उतरतंय ते. पाण्याला बांध कळत नाही. त्या शेतकऱ्याला गाठा."

मदनने रुमालाने मान पुसली. "त्यो न्हाई ऐकायचा, मॅडम. टनेज घटतं म्हणतोय."

"माती तपासून लागेल तेवढंच खत घाल म्हणावं. तेही एकदम नको, थोडं थोडं. त्याने ऊस मरत नाही. असल्या पाण्याने मुलं मात्र मरतात." डॉक्टरांचा आवाज चढला. "तुम्हाला जमत नसेल तर मला त्याचा नंबर द्या. मी बोलते त्याच्याशी."

मदनने खिशातून फोन काढला आणि तसाच परत ठेवला. ब्राह्मीने सासूच्या हातातून हात सोडवून घेतला. झोपलेलं बाळ उचललं आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

"नंबर कशाला, मॅडम? ह्यांनाच सांगा. वरचा ऊस आमचाच हाय."