निळं चालत नाही

"निळं चालत नाही," म्हणत क्लार्कने पेन ड्राइव्ह खिडकीतून परत सरकवला. "प्रबंधातल्या लिंका काळ्या हव्यात आणि त्यांच्याखाली रेघ नको. नियम आहे, मॅडम."

रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टरने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. पाचला विद्यापीठाची ही खिडकी बंद होणार होती आणि तिच्याबरोबर सिस्टरची नोंदणीही. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा कुणालाच मिळत नाही. आज पीएच.डी.चा प्रबंध आत गेला नाही तर सात वर्षांचं काम पाण्यात, आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी पुन्हा पहिल्या अर्जापासून सुरुवात.

"किती आहेत अशा लिंका?" क्लार्कने विचारलं.

"तीनशे अठरा."

"मग आज काही व्हायचं नाही." तो वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त वेळेवर घरी जायचं होतं.

समोरच्या बाकावर बसून तिने लॅपटॉप मांडीवर उघडला आणि मुलाला फोन लावला. मुलगा मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवाला, त्यामुळे असल्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा.

"आई, एकेक सिलेक्ट करून रंग बदलावा लागेल," तो दबक्या आवाजात म्हणाला. "दोन-तीन तास सहज जातील. मी मीटिंगमध्ये आहे गं. तू उद्याची वेळ मागून घे ना त्यांच्याकडून."

"उद्या नसतं रे ते," एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि एकेक करायला घेतलं. साडेचार वाजले तेव्हा एकवीस झाल्या होत्या. हिशेब करायची गरजच नव्हती.

तिने हात थांबवले. निवृत्त होईपर्यंत चौतीस वर्षं तिने नर्स म्हणून रुग्णालयात काढली होती आणि खाटेला खिळलेल्या रोग्यांच्या पाठीवर होणाऱ्या जखमांवरच हा प्रबंध लिहिला होता. चाळीस रोग्यांचं पथ्य बदललं तर कुणी खाटेखाटेपाशी जाऊन सांगत बसत नाही. वॉर्डातल्या फळ्यावर एकदा लिहायचं, पुढचं स्वयंपाकघर बघून घेतं. या लिंकांचाही कुठेतरी फळा असणारच. प्रकरणांची शीर्षकं तिने अशीच एका फटक्यात मोठी केली होती, वरच्या स्टाइलच्या यादीतून.

तिने एका निळ्या लिंकवर कर्सर ठेवला. यादीत 'हायपरलिंक' नावाचा चौकोन उजळला. त्यावर माउसचं उजवं बटण दाबून तिने 'मॉडिफाय' निवडलं, रंग काळा केला, रेघ काढून टाकली आणि ओके म्हटलं. पानावरचा निळा रंग गेला. पुढच्या पानावरचाही गेला होता आणि त्याच्या पुढच्याही. तिला हसू आवरेना.

संदर्भसूचीच्या शेवटाला मात्र ते हसू विरलं. तिथे नव्वदेक लिंका जांभळ्या होत्या, रेघेसकट. कारण तिच्या लगेच लक्षात आलं. औषध देण्याआधी बाटलीवरचं नाव दोनदा वाचायची सवय तिच्या हाडीमाशी भिनलेली. शेवटी घातलेली प्रत्येक लिंक तिने स्वतः दाबून, उघडतेय याची खात्री केली होती, आणि एकदा उघडलेली लिंक जांभळी होते. ज्यांनी नीट तपासलं त्यांच्याच नशिबी ही कटकट.

क्लार्कने खिडकीतून मान उंचावून पाहिलं. "जांभळंही चालत नाही हं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. पावणेपाच होत आले होते. एका औषधाने उतरला नाही तर हा ताप दुसराच असणार. तिने जांभळ्या लिंकवर कर्सर ठेवला, आणि यादीत दुसरंच नाव उजळलं: 'फॉलोड हायपरलिंक'. म्हणजे यांचा फळा वेगळा. पुन्हा उजवं बटण, पुन्हा काळा रंग, रेघ रद्द, ओके. नव्वदच्या नव्वद एका दमात काळ्या झाल्या.

तिने फाइल वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली. रंगाचा ठिपका उरला नव्हता. सात वर्षांत इतका आनंद तिला एकदाही झाला नव्हता, प्रबंधाचं शेवटचं वाक्य लिहून झालं तेव्हासुद्धा नाही.

पाचला नऊ मिनिटं कमी असताना पेन ड्राइव्ह पुन्हा खिडकीत गेला. क्लार्कने पानं सरकवली, थांबला, आणखी सरकवली. काहीतरी चुकलेलं सापडावं अशा आशेने त्याने एक लिंक दाबली. ती उघडली. परत फाइलमध्ये आला तरी ती काळीच होती.

"मुलाने करून दिलं का?"

"मुलगा मीटिंगमध्ये आहे."

क्लार्कने चष्मा काढून तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग शिक्का उचलला आणि अर्जावर असा काही दणका दिला की रांगेतले दोघे दचकले. पोच देऊन झाल्यावर त्याने आवक रजिस्टर पुढे ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"नावाआधी काय लिहू? सौभाग्यवती, श्रीमती?"

दिवसातून शंभरदा "हो, डॉक्टर" म्हणण्यात जिची उभी नोकरी गेली होती, तिने थोडा विचार केला.

"सध्या श्रीमती लिहा," ती म्हणाली. "पण पेन्सिलीने."