एक्केचाळीस रिकामे फोल्डर

"हे एक्केचाळीस फोल्डर मला नकोत," साहेब खुर्चीत न बसताच म्हणाले. "रिकामेच आहेत ना? मग अकराच्या आत उडवा. वरून तपासायला माणसं येताहेत. त्यांना स्क्रीन कशी स्वच्छ दिसली पाहिजे."

लिफ्ट तपासणी कार्यालयाच्या संगणक-तंत्रज्ञ बाईंनी चष्म्यावरून पाहिले. कार्यालयाची रीत साहेबांना ठाऊक नव्हती असे नाही. ज्या लिफ्टची तपासणी करायची वेळ येई, तिच्या पत्त्याचा फोल्डर त्याच दिवशी तयार होई. माणूस जाऊन दोर, ब्रेक, दरवाजे पाहून आला, की त्यात अहवाल पडे. फोल्डर रिकामा, याचा अर्थ तिथे कोणीही फिरकलेले नाही. या गोष्टीची दुसरी नोंद कुठेच नव्हती.

"साहेब, त्या लिफ्ट चालू आहेत. रोज माणसं चढउतार करताहेत."

"तुमची कळकळ निवृत्तीनंतर दाखवा. कमांड तेवढी टाइप करा."

"मी नाही करणार."

"मग सरका." साहेब हसले. "एका ओळीच्या कामाचा बाऊ करून तीस वर्षं पगार घेतलात, बाई. माझा भाचा जेवता जेवता करील हे."

बाई सरकल्या. त्यांनी सकाळी काढलेली एक्केचाळीस पत्त्यांची यादी पडद्यावर तशीच होती. साहेबांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. भिंतीवर चिकटवलेल्या, कमांड लिहिलेल्या कागदावरचे शब्द पाहत ते एका बोटाने अक्षरे हुडकू लागले. फाइंड. मग संगणकात सगळे फोल्डर ठेवले होते त्या जागेचे नाव. मग डिलीट. त्यानंतर एम्प्टी.

"क्रम चुकलाय," बाई म्हणाल्या. "आधी रिकामं आहे का ते बघायला सांगायचं, मग पुसायला. असं लिहिलंत तर ते आधी पुसेल आणि मग बघेल."

"शब्द तेच आहेत ना? साखर आधी घातली काय, दूध आधी घातलं काय, चहा तो चहाच."

त्यांनी कळ दाबली. यंत्राने काहीही विचारले नाही. एक हिरवा दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला.

"बघा. उगाच घाबरवत होतात." साहेबांनी ऐटीत, कपाट उघडावे तशी, पडद्यावर अहवालांची खिडकी उघडली. आत एकही फोल्डर नव्हता. नऊ वर्षांचे अहवाल नव्हते. साहेब प्रथमच खुर्चीत बसले.

"बाई, प्रत असेल ना कुठे?" आवाजातला तोरा गेला होता आणि त्याच्या जागी जे आले होते, ते तोऱ्याहूनही ओंगळ होते. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून तर हे ऑफिस उभं आहे."

"आहे. रोज आल्याआल्या घेते. आजही घेतलीय."

"सुटलो. आणा परत. फक्त ते एक्केचाळीस तेवढे वगळा."

"वगळता येतील. कोणते वगळायचे ते तुमच्या हातानं लिहा आणि खाली सही करा." बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला आणि पडद्यावरचा मजकूर मागे सरकवून सकाळची यादी दाखवली. "पत्ते इथे आहेत. बघून उतरवा."

साहेबांनी पेन काढले. पहिला पत्ता एका प्रसूतिगृहाचा होता, सहा मजल्यांच्या. टोपण निघाले आणि थोड्या वेळाने परत बसले.

"सगळंच आणा," ते कागदाकडे पाहत पुटपुटले.

बाईंनी एक ओळ लिहिली, ती पुन्हा एकदा वाचली आणि कळ दाबली. पडद्यावर नावे सरसर चढू लागली. भरलेल्यांच्या मध्येच रिकामे. बाहेर जिन्यावर पावले वाजली, तेव्हा साहेब उठले आणि पाठीने जेवढा झाकता येईल तेवढा पडदा झाकून, दाराकडे तोंड करून हसत उभे राहिले.