सारवलेला खड्डा

शिवकांता खड्ड्याच्या काठावर आली आणि तिथंच मटकन बसली.

खड्ड्याची भिंत सारवलेली होती. शेणानं, नीट बोटं ओढून, वर पांढऱ्या मातीची किनार काढून. सणाला चूल सारवावी तशी.

"कसं दिसायलंय?" खालून गुणाबाईनं विचारलं. तिचे हात कोपरापर्यंत भरले होते. "तुमचे साहेब यायलेत ना. भित्ताड लई ओबडधोबड व्हतं, माय. बरं दिसंना."

चार दिवस खणून सहा फुटांचा खड्डा केला होता तो या एका भिंतीसाठी. ती कोरी ठेवायची. तिच्यावरून मातीचे थर वाचायचे. हे शिवकांतानं गुणाबाईला सांगितलंच नव्हतं. राबणाऱ्या बाईला कशासाठी राबतेस ते सांगायचं असतं, हे विद्यापीठात कुणी शिकवत नाही. ती एवढंच म्हणाली होती, भिंत चांगली पाहिजे.

अकराला सरांची जीप येणार होती. सर सगळ्या वर्गासमोर बोलले होते, "मातीच्या विषयात मुलींनी लॅब सांभाळावी. हट्टच असेल तर एक खड्डा करून दाखवा. नीट नसला तर विषय बदलायचा आणि गप बाटल्या धुवायच्या." वर्गात मुलगी एकच होती.

"पाणी कुठलं घेतलं, मावशी?"

"टँकरचं. माझ्या वाटणीतली अर्धी घागर."

लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष. मुरुडच्या रस्त्याला नव्या पाट्या लागल्या होत्या, नळाला पाणी नव्हतं. टँकर दोन दिवसांनी यायचा, आणि तोही आधी कुणाच्या दारात थांबायचा ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. उरलेल्यातली अर्धी घागर या बाईनं भिंतीला दिली होती. शिवकांतानं शिवी द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

बांधावर बसलेला शेतमालक गुंडप्पा खदखदून हसला. "लोकं पाण्यासाठी खणतेत. ही उदगीरच्या दुकानदाराची लेक माती बघायला खणायली. आन आता तीबी झाकून टाकली!"

"चुकलं का माझं?" गुणाबाईचा आवाज उतरला. "खरवडू का?"

"खरवडून भागायचं न्हाई. ओल आत गेली. भिंतच हातभर मागं घ्यावी लागंल." शिवकांतानं खाली उडी मारून कुदळ उचलली. दोन घाव घातले. टवकासुद्धा निघाला नाही.

"सरक तिकडं," गुणाबाईनं कुदळ हिसकावली. "पेन धरायचे हात हायेत ते."

ती वरून खाली घाव घालत आली. सारवण पडलं, किनार पडली. काळी माती दगडासारखी तुटत होती. छातीच्या खाली आल्यावर तिनं कुदळ रुतवून दांडा दाबला, आणि चुलीएवढं एक ढेकूळ धप्पकन पायाशी आलं.

कुदळ तशीच राहिली.

ढेकळामागची माती चमकत होती. काळी, गुळगुळीत, तेल लावल्यासारखी. तिच्यावर तिरप्या बारीक रेघा ओढलेल्या, सगळ्या एकाच बाजूला.

"हितं कुणाचा हात लागला?" गुणाबाई हळूच म्हणाली.

शिवकांतानं परीक्षेत यावर अर्धं पान लिहिलं होतं. दहापैकी आठ मार्क पडले होते. बघितलं आज. तिनं तळवा टेकवला. वर उन्हात दगड तापले होते, आणि ही माती गार होती, नुकत्याच झोपलेल्या लेकराच्या कपाळासारखी.

"कुणाचाच न्हाई, मावशी. माती आपणच हालती. पावसात फुगती, दुष्काळात आकसती. एक ढेकूळ दुसऱ्यावर घासतं, आन असं गुळगुळीत होतं."

"एवढी जमीन? हालती?"

"सगळी."

"कवापासून?"

"माणूस नव्हता तवापासून."

गुणाबाईनं पायाखाली बघितलं. जन्मभर तिनं हीच माती उपसली होती, रोजगार हमीच्या बांधावर, लोकांच्या विहिरीत. तिनं रेघांवर एक बोट फिरवलं आणि पटकन मागं घेतलं.

जीप आली. सर काठावर उभे राहिले. भिंतीच्या दोन्ही बाजूंना शेणाचे पट्टे तसेच होते, मध्ये तेवढा हातभर खोल कोनाडा.

"हा काय खड्डा आहे?" ते ओरडले. "मी मातीचा छेद सांगितला होता, तुम्ही देव्हारा केलाय!"

"चार फुटांवर बघा, सर," शिवकांता म्हणाली. "वरून दिसणार नाही. खाली यावं लागंल."

सरांनी आपल्या बुटांकडं बघितलं, मग गुंडप्पाकडं. गुंडप्पा आता हसत नव्हता, काठावर पालथा पडून खाली बघत होता. सर उतरले. वाकले. मग गुडघ्यावर बसले, इस्त्रीच्या पँटीसकट.

वीस वर्षं ते ही रेघ फळ्यावर काढत आले होते. खडूनं.

त्यांनी रेघांवर बोट फिरवलं. भिंतीतून मातीचा एक कण सुटला आणि पडला.

"सर, माझा विषय?" शिवकांतानं विचारलं.

"हाच," सर मागं न बघता म्हणाले. "टेप आणा. तुम्ही मोजा, मी लिहून घेतो."

वर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. "साहेब, उशीर व्हायलाय! कचेरीत लोकं वाट बघायलेत!"

गुणाबाई काठावर चढून बसली होती. तिनं त्याच्याकडं हात केला.

"ए बाबा, गप ऱ्हा की जरा. खाली काम चालू हाय."