मुदतीच्या आधी

उशिरा जमा केलेल्या उत्तराचे रोज दहा टक्के गुण कापले जातील आणि नक्कल सापडली तर थेट नापास, असे प्रोग्रामिंगच्या कोर्सचे नियम मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितले होते. लवकर देणाऱ्यांसाठी नियम करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

चौथा प्रश्न त्यांनी मंगळवारी तयार केला. सदतीस नंबरच्या मुलीचं उत्तर सोमवारीच जमा झालं होतं.

तारखेचा घोळ कसाही झाला असो, प्रश्न फुटला यात मॅडमना शंकाच नव्हती. मॅडमच्या कॉम्प्युटरला हात लावणारा दुसरा माणूस एकच, बारा वर्षं तिथेच काम करणारा लॅब असिस्टंट. त्यांनी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. त्याने लॅबच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"एवढीच ओळख का मॅडम?" म्हणाला आणि निघून गेला.

मग मॅडमनी त्या मुलीला बोलावलं. "खरं सांग, प्रश्न कुणी दिला तुला?"

मुलगी गोंधळली. "तुम्हीच दिलात की मॅडम, गेल्या आठवड्यात. वर्गात."

ती गेल्यावर मॅडमनी दार आतून लावलं. कागदाला, कीबोर्डला हात न लावता त्यांनी नवा प्रश्न नुसता मनात जुळवला. त्याला तीन अटी घातल्या. मग जमा झालेली उत्तरं उघडली.

सदतीस नंबरचं उत्तर आलं होतं. प्रश्न तोच होता, आत्ता मनात जुळवलेला. खाली टीप होती, "मॅडम, तिसरी अट तुम्ही नंतर काढून टाकलीत, म्हणून मीही धरलेली नाही."

मॅडम तिसरी अट आठवू लागल्या. ती त्यांना काही केल्या आठवेना.