मृत्युपत्रातला एक शब्द

"पप्पा, तुम्हाला मुलं किती?" हे भर जेवणात विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मी विचारलंच!

पप्पा खळखळून हसले. "एकच की! तू. धा पोरांना भारी हायेस." मम्मीही हसली आणि माझ्या भातावर तुपाची धार सोडली.

मला मात्र शिसारी आली. आजोबांनी मृत्युपत्रात लिहिलंय, 'पानशेतची जमीन माझ्या मुलांना समान द्यावी.' मंगलआत्यानं त्यातला वाटा मागितला, तर पप्पा आणि काका नाही म्हणाले, आणि प्रकरण भोरच्या कोर्टात गेलं. सोमवारी पप्पांची साक्ष होती. मी मागच्या बाकावरच बसले होते. 'मुलांना' म्हणजे नक्की कुणाला, असं वकिलांनी विचारलं. तेव्हा हेच माझे पप्पा शपथेवर म्हणाले, "मुलं म्हंजे मुलगं, सायेब. आमच्यात पोरी त्यात धरत न्हाईत." समोर आत्या मान खाली घालून पदराचं टोक पिळत राहिली.

मी ताट बाजूला सरकवलं.



"मम्मी, पप्पा, पुढच्या तारखेला मीपण साक्ष देणार आहे. आत्याच्या बाजूनं."